कोणत्या बोअरची बंदूक? ज्वारीची राखण आणि संशोधनाचा प्रश्न

पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषयावर गाडी अडलीय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची सध्या हीच अवस्था असणार. विषय वेगळा आणि प्रश्न वेगळा, हे गाईड शंभर वेळा सांगतात, पण फरक काही पटकन ध्यानात येत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. उदाहरण जरा विचित्र आहे: बीड जिल्ह्यात शेतातल्या पाखरांच्या बंदोबस्तासाठी छर्‍याची बंदूक घ्यायची तर ती कोणत्या बोअरची घ्यावी?

हसू नका. हुरड्याच्या दिवसांत पाटोदा-आष्टीकडच्या एखाद्या गावात जाऊन बघा. एक एकर ज्वारी उभी आहे, आजूबाजूला कापूस, तूर, थोडा ऊस, आणि शिवारातली सगळी पाखरं त्या एका एकरावर उतरलेली. कणसं वरून पोकळ होत चाललीत. ज्याचं पीक जातंय त्याच्या डोक्यात बंदूक येणं साहजिक आहे, आणि बंदूक म्हटली की पुढचा प्रश्न 'कोणती?' हाच. प्रश्न खराच आहे. आपल्याला बघायचंय ते एवढंच, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो जसाच्या तसा उचलला तर काय होतं, आणि उलटून पाहिला तर काय हाती लागतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ. कॅलिबर किंवा बोअर म्हणजे नळीचं आतलं माप. छर्‍याच्या बंदुकीत दोन मापं नेहमीची: ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि ०.२२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. पहिल्याचा शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, दुसऱ्याचा एका ग्रॅमच्या जवळपास. हलका छर्रा वेगात आणि सरळ जातो. जड छर्रा सावकाश जातो, लवकर खाली येतो, पण लागला की जास्त जोराने लागतो. दुकानातला सगळा वाद एवढ्यावरच चालतो. जुन्या इंग्रजी मालावर हीच मापं 'नंबर १ बोअर' आणि 'नंबर २ बोअर' अशी येत. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने १९०५ मध्ये एअर रायफली काढायला सुरुवात केली, तेव्हापासून ही नावं रुळली.

हा वाद मुळात कुणाचा, हे विचारायला विसरू नका. इंग्लंडमध्ये बारा फूट-पाउंडांच्या आतल्या ताकदीची एअर रायफल प्रमाणपत्राशिवाय ठेवता येते, आणि शेतावर येणारं रानकबुतर सरकारच्या सर्वसाधारण परवानगीच्या अटी पाळून मारता येतं. त्यामुळे तिथला शेतकरी किंवा हौशी नेमबाज 'कबुतराला साडेचार की साडेपाच' यावर तासन्‌तास बोलू शकतो. त्याच्या कायद्यात आणि त्याच्या शिवारात त्या बोलण्याला जागा आहे. इंटरनेटवरून तीच चर्चा आपल्याकडे येते तेव्हा कायदा आणि शिवार दोन्ही गळून पडतात आणि नुसतं माप उरतं.

आपल्या कायद्यात काय आहे? शस्त्र नियम २०१६ प्रमाणे साडेचार मिलिमीटरच्या आतली आणि वीस ज्यूलपेक्षा कमी जोराची हवेची बंदूक परवान्यातून सुटते. बोअर त्याहून मोठा झाला किंवा जोर वाढला, की परवाना लागतो. म्हणजे सर्वसाधारण शेतकऱ्यापुरता 'कोणता बोअर' याचा निकाल दिल्लीने आधीच लावून ठेवलाय. पण बंदूक बाळगता येणं वेगळं आणि तिने पाखरू मारता येणं वेगळं. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या मूळ अनुसूची ४ मध्ये पोपट, मैना-साळुंक्या, सुगरण, मुनिया ही सगळी कुळं होती. कबुतरंही होती, फक्त आपलं पारवं सोडून. 'उपद्रवी' म्हणून वेगळी अनुसूची ५ होती, तिच्यात पाखरांपैकी साधा कावळा तेवढा, बाकी वटवाघळं आणि उंदीर-घुशी. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती पाचवी अनुसूचीच गेली. मोर तर पहिल्या अनुसूचीतला, आणि पाटोदा तालुक्यात त्याच्यासाठी नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तेव्हा ज्वारीवरच्या पोपटाला छर्रा मारणं ही शिकार आहे, बोअर कोणताही असो. ज्या कुणी हा लेख बंदूक घ्यायच्या विचाराने उघडला असेल त्याच्यासाठी एवढं पुरे आहे. बाकीच्यांनी पुढे वाचा, कारण खरी गंमत इथून आहे.

कायदा हा संदर्भ म्हणून तळटीपेत टाकून मोकळे होऊ नका. तो साधन म्हणून वाचा. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३, पोटकलम ३ काढा. परवाना अधिकाऱ्याने कुणाला परवाना 'द्यावाच' याची तिथे यादी आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ज्याला बंदूक हवी, त्याच्यासाठी हत्यार सांगितलंय: ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची. आणि त्याच पोटकलमात, दोन ओळी खाली, एअर रायफल येते. कशासाठी? रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी. म्हणजे आपला जो प्रश्न आहे, 'पिकासाठी कोणती बंदूक', तो १९५९ मध्ये संसदेने विचारला होता आणि त्याचं उत्तरही दिलं होतं. एअर रायफल तेव्हा शेताच्या खात्यात नव्हतीच, ती क्लबच्या खात्यात होती.

ठासणीची बंदूक का? तिच्यात दारू ठासायला वेळ लागतो, पल्ला कमी, एका वेळी एकच बार. बंडाच्या किंवा दरोड्याच्या कामाला ती फारशी उपयोगाची नाही, असं राज्यकर्त्याला वाटतं. पण आवाज मोठा. डुकरं आणि पाखरं आवाजाने पांगतात. कायद्याने शेतकऱ्याला हत्यार दिलं ते मारण्यापेक्षा दणका द्यायला जास्त योग्य होतं. हे माझं वाचन आहे, आणि त्यावर वाद घालता येईल. घालाच. पण एक आठवण ठेवा: ई. पी. जी यांच्यासारखे वन्यजीव अभ्यासक १९६० च्या दशकात लिहीत होते की पीकसंरक्षणाच्या नावावर दिलेल्या बंदुका सर्रास शिकारीला वापरल्या जातात. तेव्हा परवान्यावर लिहिलेलं कारण हे बंदुकीच्या वापराचा पुरावा नव्हे. बीडमध्ये तर हे वेगळं सांगायला नको. २०२४ च्या अखेरीपासून जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची जी चर्चा आणि फेरतपासणी झाली, ती वर्तमानपत्रांत तुम्ही वाचलीच असेल.

आणखी एक खुबी. जुन्या कागदात नुसतं 'पॉइंट बावीस' दिसलं तर थांबा. ती काडतुसाची बावीस बोअर रायफल असू शकते आणि छर्‍याचीही. दोन्हींचं माप एकच, जात वेगळी. पुढेमागे बघून ठरवल्याशिवाय आकडेवारीत घेऊ नका.

आता 'उपद्रवी' या शब्दाकडे येऊ. पाखरू उपद्रवी आहे हे कोण ठरवतं?

हिंदुस्थानात याचा पहिला मोठा शास्त्रीय प्रयत्न बिहारमधल्या पुसा इथल्या शेतकी संस्थेत झाला. सी. डब्ल्यू. मेसन आणि एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा, हिंदुस्थानातल्या पाखरांच्या खाण्यावरचा ग्रंथ १९१२ मध्ये निघाला. पद्धत सरळ: पाखरू मारायचं, पोट फाडायचं, आत काय आहे ते मोजायचं. दाणे किती, किडे किती. लेफ्रॉय हे कीटकशास्त्रज्ञ होते हे लक्षात ठेवा, कारण त्यांना पाखरांत रस होता तो किडे खाणारे म्हणून. ग्रंथ वाचताना उपद्रवी आणि उपयोगी अशी सरळ विभागणी हाती लागेल असं वाटतं, पण तीच एक पाखराची जात आज धान्य खाते आणि उद्या अळ्या खाते, असं वारंवार दिसत जातं.

आपल्या ज्वारीचं उदाहरण भोरड्यांचं. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैनेच्या कुळातली पाखरं पावसाळ्यानंतर थव्याथव्याने दख्खनवर येतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्यांना चक्क 'ज्वारीचं पाखरू' असं नाव आहे. हुरड्यात आलेल्या शेतावर त्यांचा थवा उतरला की काय होतं ते ज्याने पाहिलंय तोच जाणे. पण हीच पाखरं वसंतात पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर मध प्यायला असतात, म्हणून त्यांना पळसमैनाही म्हणतात. मग ती मध्य आशियात जातात, तिथे पिल्लं घालतात आणि त्या पिल्लांना टोळ चारतात. चीनच्या शिनच्यांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी त्यांना मुद्दाम दगडांची घरटी बांधून देतात. म्हणजे एका देशात सरकार ज्या पाखराला घर बांधून देतं, त्यालाच दुसऱ्या देशातला शेतकरी गोफणीने हाकलतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्याच चीनने १९५८ मध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम काढली, देशभर चिमण्या मारल्या, आणि १९६० मध्ये त्यांचं नाव यादीतून काढून तिथे ढेकूण घातला. तोवर किडींनी आपलं काम केलं होतं.

छर्‍याची बंदूक आणि पाखरं म्हटलं की महाराष्ट्रातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सलीम अली दहाएक वर्षांचे असताना मामाने दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथे मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पाखरांचे खण उघडून दाखवले, आणि पुढचं सगळं घडलं. शाळेच्या पुस्तकातली ही गोष्ट गोड आहे, पण आपल्या कामाचा भाग पुढे आहे. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पाखरांची पाहणी केली, आणि ती १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये क्रमशः छापून आली. बीड तेव्हा याच संस्थानात होतं. ज्या कुणाला मराठवाड्यातल्या पाखरांचा इतिहास लिहायचाय, त्याने सुरुवात इथून करावी. फक्त हे विसरू नका की त्या पाहणीचा हेतू कोणती जात कुठे सापडते हा होता. पिकाचं नुकसान किती, हा प्रश्न त्यांनी त्या कामात विचारला नव्हता, त्यामुळे तिथे उत्तर शोधून निराश होऊ नका. शेतीच्या अंगाने पाखरांचा अभ्यास करणारा देशव्यापी प्रकल्प भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सुरू केला तो १९८२ मध्ये, हैदराबादजवळ राजेंद्रनगरला. चकाकती फीत, जाळी, कडेने दुसरं पीक, असे उपाय त्या कामातून पुढे आले. बंदुकीची त्यात फारशी चर्चा नाही.

का नाही, हे साध्या हिशेबाने कळतं. छर्‍याची बंदूक एका वेळी एक छर्रा सोडते. पुन्हा चाप ओढा, छर्रा घाला, नेम धरा. समोर पाचशे भोरड्यांचा थवा. एक पडली, बाकीच्या शेजारच्या बांधावर गेल्या आणि तुम्ही छर्रा भरेपर्यंत परत आल्या. शिवाय तिचा आवाज गोफणीच्या फटक्याइतकाही नाही. साडेचार की साडेपाच, याने या हिशेबात तसूभर फरक पडत नाही.

मग बीडमध्ये लोक करत काय होते?

राखण. हा एक शब्द तुमच्या प्रबंधाच्या शीर्षकात यायला हरकत नाही.

दाणा दुधात भरला की ज्वारी कापणीला येईपर्यंत राखण. शेतात चार खांबांवर माळा उभा करायचा, पहाटे दिवस उगवायच्या आधी त्यावर जाऊन बसायचं, कारण पाखरं उपाशी उठतात ती तेव्हाच. हातात गोफण. अंबाडीच्या किंवा सुताच्या दोरीची विणलेली, मध्ये दगड ठेवायला पाळं, एका टोकाला बोटात अडकवायला फास. डोक्याभोवती फिरवून दुसरं टोक सोडलं की दगड जातो, आणि त्याच वेळी फट्‌कन आवाज होतो. सरावलेला माणूस दगड न घालताही नुसत्या फटक्याने थवा उठवतो. सोबत डबे बडवणं, आरोळ्या, बुजगावणं. दुपारी थोडी उसंत, पुन्हा दिवस मावळेपर्यंत तेच. अलीकडे जुन्या कॅसेटची फीत बांधतात, ती वाऱ्यावर गुणगुणते. कुणी पाइपमध्ये कार्बाइड घालून बार काढतात, त्याने डोळे जातात, ते सांगायला नको. बी निवडतानाही राखणीचा विचार असे: कणसाला कुसळं असलेल्या बाजरीवर पाखरू नीट बसत नाही, हे शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या आधी माहीत होतं.

ही राखण किती जुनी? गोदावरी ही बीडची उत्तर सीमा, आणि तिच्या काठाने थोडं वर गेलं की पैठण, सातवाहनांचं प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत शेत राखणाऱ्या तरुणी भेटतात. कालिदासाच्या रघुवंशातही उसाच्या सावलीत बसून भाताची राखण करणाऱ्या बायका रघूचं यश गातात. हे सापडलं की विद्यार्थ्याला केवढा आनंद होतो! दोन हजार वर्षांची परंपरा म्हणून पहिलं प्रकरण तयार. जरा दमानं घ्या. गाथांमध्ये शेत ही प्रियकराला भेटायची सोयीची जागा आहे, राखण हे निमित्त. त्यावरून बायका राखणीला जात, इतकं म्हणता येईल. त्यांना मोबदला काय मिळे, किती दिवस बसत, कुणाच्या शेतात बसत, यातलं काहीही त्यातून निघत नाही.

मोबदल्याकडे यायचं तर गावगाड्याकडे यावं लागतं. त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. बलुतेदार आणि फिरस्ते यांच्यावर त्यात भरपूर मजकूर आहे, पण आत्रे इंग्रजी मुलखातले महसूल अधिकारी होते. गावात फिरून येणाऱ्या माणसाकडे ते कुळकर्ण्याच्या ओट्यावरून बघतात, हे वाचताना सतत जाणवतं, आणि मला ते खटकतं. खासकरून पारध्यांच्या बाबतीत. फासे लावून तितर-लावे धरणं हा फासेपारध्यांचा पिढ्यांचा धंदा. इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र लोकांच्या बोलण्यात राहिला. आणि तरी मराठवाड्यात कितीतरी गावांत शेताची राखण पारध्यांकडेच असायची, आजही असते. ज्याच्यावर चोर म्हणून संशय घ्यायचा, त्याच्याच हाती उभं पीक सोपवायचं. हा विरोधाभास कुणीतरी नीट अभ्यासावा असा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला काही शिकारींना परवाने मिळण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. त्या दिवसापासून तितर धरणारा पारधी पुन्हा गुन्हेगार झाला, या वेळी वेगळ्या कायद्याने. पाखरांचा इतिहास लिहायला बसलात आणि हा माणूस त्यात आला नाही, तर तो इतिहास अर्धा.

कागद कुठे, आणि कोणत्या भाषेत

बीडवर काम करणाऱ्यांची इथे हमखास एक चूक होते. मुंबई इलाख्याची छापील इंग्रजी साधनं हाताशी असतात, म्हणून १८७८ चा इंग्रजी शस्त्रकायदा, तिकडची शेतकी खात्याची पत्रकं, सगळं बीडला लावून टाकतात. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा होता. बीड १९४८ पर्यंत निजामाकडे, मग हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. नगरच्या शेतकऱ्याला आणि सीमेपलीकडच्या आष्टीच्या शेतकऱ्याला एकच पाखरू त्रास देत होतं, पण दोघांचे अर्ज वेगवेगळ्या सरकारांकडे, वेगवेगळ्या भाषांत जात होते. आष्टीवाल्याचा कागद हैदराबादला, तारनाक्याच्या पुराभिलेखागारात शोधायचा, आणि तो उर्दूत असणार. उर्दू वाचता येत नसेल तर पहिलं वर्ष त्यावर घालवा, फुकट जाणार नाही. तारखा फसली सनात असतील, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. बंदुकीसाठी 'असलहा' हा शब्द बघा. आणि १९४७-४८ च्या आसपासच्या फायलींत शस्त्र दिसलं की ते पीक राखायचं होतं असं मानू नका. रझाकारांच्या त्या दिवसांत बंदुकीचा अर्थ वेगळाच होता. अंबाजोगाईचं, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादचं, हैदराबाद कंटिंजंटचं ठाणं आणि तिथल्या साहेबांची शिकार हा आणखी तिसरा प्रकार. साहेबाची बंदूक, जहागीरदाराची बंदूक, रझाकाराची बंदूक. कुणब्याच्या हातात गोफणच.

पण माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा कागद बंदुकीचा नाहीच. तो पीकपाहणीचा आहे. मराठवाड्यातली १९५४-५५ ची खासरा पत्रकं आणि नंतरचे सातबारे काढा, एका गावापुरते. रब्बी ज्वारी किती गटांत होती आणि पुढे किती राहिली, ते वर्षावार मांडा. सगळं शिवार ज्वारीचं असतं तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांवर विभागला जातो, कुणालाच तो फार जाणवत नाही. कापूस, सोयाबीन, ऊस वाढत जाऊन ज्वारीचे दोन-चारच तुकडे उरले, की तेवढ्याच पाखरांचा भार त्या तुकड्यांवर येतो. पाखरं वाढली, असं शेतकरी म्हणतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या शेतात ती वाढलेलीच असतात.

आणि आता या सगळ्याच्या बुडाशी असलेली गोष्ट. रब्बी ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, हुरडा येतो डिसेंबर-जानेवारीत, काढणी फेब्रुवारी-मार्चात. राखण नेमकी या मधल्या दिवसांत. याच दिवसांत बीड जिल्ह्यातला माणूस कुठे असतो? पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, उसाच्या फडात. १९५० मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना निघाला, पुढच्या दोन-तीन दशकांत कारखाने वाढत गेले, १९७२ चा दुष्काळ पडला, आणि दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन जोडीने निघायचं हा जिल्ह्याचा रिवाज झाला. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं सोबत, नाहीतर आजी-आजोबांजवळ. परत येणार ते मार्च-एप्रिलमध्ये. राखण हे बायकांचं, पोरांचं, म्हाताऱ्यांचं काम होतं. त्यातली बाई गेली, पोरगं गेलं, आणि आजा माळ्यावर चढू शकत नाही. मग मोकळ्या पडलेल्या माळ्यासाठी माणूस शोधता शोधता कुणीतरी यंत्राकडे बघतो, आणि तिथे 'कोणत्या बोअरची बंदूक' हा प्रश्न जन्माला येतो.

या जोडणीकडे गेलात तर राखणीच्या आठवणीने गहिवरू नका. थंडीत पहाटे चारला उठून माळ्यावर बसणारं पोरगं शाळेत जात नव्हतं. गावच्या जिल्हा परिषद शाळेचे जुने हजेरीपट मिळाले तर पौष-माघातले खाडे मोजा. ते खाडे आधी राखणीचे होते, नंतर ऊसतोडीचे झाले का, हे एका शाळेच्या पंचवीस वर्षांच्या हजेरीपटांवरून तपासता येण्यासारखं आहे. माझ्या माहितीत यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा बोलकं साधन नाही. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या आणि मुलांची नावं प्रबंधात आणू नका, एवढं पथ्य.

मुलाखतींचं शेवटी. गावात जाऊन 'तुमच्याकडे पाखरं मारायला बंदूक होती का?' असं विचारलंत तर दोन उत्तरं येतील. एक, 'नव्हती.' दोन, तुम्ही वनखात्याचे की पोलिसांचे, अशी नजर. दोन्हींनी काम पुढे जात नाही. त्याऐवजी म्हाताऱ्या बाईशेजारी बसा, आणि ज्वारी हुरड्यात असताना घरात कोण कोण असायचं, माळ्यावर पहाटे कोण जायचं, तिला गोफण कुणी शिकवली, आणि तुमच्या घरचा कोयता पहिल्यांदा कोणत्या साली गेला, एवढंच विचारा. साल तिला आकड्यात सांगता येणार नाही. 'मोठ्या दुष्काळाच्या आधी की नंतर?' असं विचारलंत तर लगेच सांगेल.